बंद संगणकातला चोर

१

जिना वर पोचलाच नाही.

वाचनालयाच्या मोठ्या दालनात सगळी तयारी झाली होती. कपाटं बाजूला सरकवली होती, जमिनीवर जुने पडदे अंथरले होते, आणि चार धट्टेकट्टे सुतार तो देखणा गोल जिना उभा करताना घामाघूम झाले होते. मिस्त्री शिडीवर चढला. वरच्या सज्जाची कड आणि जिन्याचा शेवट यांच्यामध्ये त्यानं आडवा हात घातला. हात आरपार गेला आणि वर आणखी दोन बोटांची फट उरली.

"सहा बोटं कमी आहे, बाई," खाली न पाहताच तो म्हणाला.

खाली मोठ्या बाई उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण पाठ अजून ओळंब्यासारखी सरळ. उभ्या आयुष्यात त्यांनी जिन्यांखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. जिना बाईंचा आहे म्हटल्यावर बसवणारे लोक टेप खिशातच ठेवत.

"शक्य नाही. उंची मी स्वतः मोजली आणि संगणकात भरलीही मीच."

कुणी उलट बोललं नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. ही पहिलीच वेळ असती तर सगळे तावातावाने भांडले असते. पण आधी डोळ्यांच्या दवाखान्याचा जिना कमी पडला होता, मग संगीतशाळेचा, आणि आता हा. ग्रंथपाल चष्मा पुसत राहिला. सुतार आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

बाईंचा पुतण्या कारखान्याची बाहेरची कामं बघायचा. तो त्यांना हळूच बाजूला घेऊन गेला. "काकी, वाईट वाटून घेऊ नका, पण वय झालं की असं होतं. किती दिवस स्वतःला ओढत राहणार? आता सोडा आमच्यावर."

एरवी बाईंनी त्याला जागच्या जागी सरळ केलं असतं. आज त्या नुसत्या "बघू" म्हणाल्या.

तो शब्द शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीनं ऐकला. कारखान्यातलं लाकूडकाम ती सांभाळायची आणि आईच्या रागाला तिच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. त्या "बघू"त रागाचा मागमूस नव्हता, नुसती भीती होती. ती सरळ रस्त्यावर आली आणि शंकाताईंच्या घराकडे निघाली.

२

शंकाताई हे काही खरं नाव नव्हे. विमा कंपनीत असताना जळालेली गोदामं आणि बुडालेल्या मालाचे दावे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यांच्या शंकांना कंटाळून सहकाऱ्यांनी ते नाव पाडलं होतं. ताईंनी ते बिल्ल्यासारखं मिरवलं. पुढे दाव्यांचे कागद जाऊन संगणक आले, तसा त्यांनी संगणकही शिकून घेतला. निवृत्तीनंतर लहानमोठ्या कचेऱ्यांतले रुसलेले संगणक ताळ्यावर आणणं हा त्यांचा उद्योग होता आणि विरंगुळाही.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्याच्या आवारातल्या बाईंच्या खोलीत बसल्या होत्या. एक लांब टेबल, एक खुर्ची, खिडकीला जाळी, आणि टेबलावर तो संगणक.

"सुरुवातीपासून सांगा. जिना कागदावर कसा येतो?"

"मी जागेवर जाते," बाई म्हणाल्या. "मोजमाप घेते. दुपारी इथे येऊन आकडे भरते. सगळा खेळ एका आकड्याचा, मजल्याच्या उंचीचा. तो भरला की पायऱ्या किती, प्रत्येक केवढी, ते संगणक आपोआप मांडतो. संध्याकाळी काम बंद करते. सकाळी पुन्हा उघडून छापते आणि कारखान्यात देते."

"सकाळी आकडे पुन्हा बघता?"

"रेखाटन बघते. आकडे कशाला बघू? आदल्या दिवशी मीच तर भरलेले असतात."

"म्हणजे संध्याकाळ ते सकाळ हा आकडा एकटा असतो. तेव्हा खोलीत कोण येतं?"

"कुणीही नाही. कुलूप मी लावते आणि किल्ली माझ्या गळ्यात असते. संगणक तर मी मुळापासून बंद करते, वायरसकट. वीज नाही म्हटल्यावर भूतसुद्धा त्यात काही करू शकणार नाही."

"आणि दिवसा?"

"दिवसा काय, धर्मशाळाच. पुतण्या येतो, जावई येतो, संगणक दुरुस्त करणारा येतो. कुणाला चार्जर हवा असतो, कुणाला पेन."

लेक मध्येच म्हणाली, "ताई, तो संगणकवाला आला की काहीतरी घालून जातो. हल्ली उघडायलाच इतका वेळ लागतो! ह्यांच्या शाळेत बघा, सकाळी संगणक लावला की प्रत्येक शिक्षकासमोर त्याचे दिवसभराचे तास आपोआप हजर. ती सगळी ह्यांचीच करामत, आणि तरी ते संगणक कसे चुटकीसरशी उघडतात."

"जावईबापू शिक्षक का?"

"गणिताचे. सकाळची शाळा सुटली की इथे येऊन पत्रव्यवहार बघतात."

ताईंनी मान डोलावली. मग त्या बाईंकडे वळल्या. "एक रोखठोक विचारते. चूक तुमच्याच हातून झाली असेल असं तुम्हाला वाटतं का?"

बाईंनी गळ्यातली किल्ली चाचपली.

"महिन्याभरापूर्वी विचारलं असतंत तर तुम्हाला दार दाखवलं असतं," त्या म्हणाल्या. "आज उत्तर देता येत नाही."

"मग उत्तर आपण संगणकाकडूनच काढून घेऊ," ताई म्हणाल्या. "पाच खोटे जिने तयार करा. कुठलेही, मनाला येतील तसे."

३

बाईंनी पाच जिन्यांचे आकडे भरले. ताईंनी प्रत्येकाचा पडद्यासकट फोटो आपल्या फोनवर काढला. संध्याकाळी बाईंनी संगणक बंद केला आणि वायर काढली. ती वायर ताईंनी गुंडाळून स्वतःच्या पिशवीत टाकली. दाराला कुलूप लावलं, कुलपावर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर सही केली, आणि किल्लीही त्याच पिशवीत गेली.

"वायरसुद्धा घरी नेणार?" लेकीनं विचारलं.

"उशाशी घेऊन झोपणार."

सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. खिडकीच्या जाळीवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. ताईंनी वायर जोडली, बाईंनी बटण दाबलं, आणि संगणक आळोखेपिळोखे देत उघडला. ताई फोनवरचे फोटो पाहत एकेक जिना ताडून बघू लागल्या. पहिला बरोबर निघाला. दुसरा बरोबर, तिसराही. चौथाही जिथल्या तिथे.

पाचव्या जिन्याची उंची बदललेली होती.

बाईंनी फोटो पाहिला, मग पडदा पाहिला, मग पुन्हा फोटो. त्या रागावतील अशी ताईंची अपेक्षा होती. पण बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि खांदे गदगदा हलवत हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसू थांबेना.

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही!"

"वेड तुम्हाला नाही लागलेलं. पण वेडं ठरवायला कुणीतरी टपलेलं आहे. हे आत्ता बाहेर कळता कामा नये. आजचा दिवस चेहरा पाडूनच हिंडा."

"त्याची सवय झालीच आहे," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "पण ताई, खोली बंद, वायर तुमच्या उशाशी. मग तो आत आला कधी?"

"संगणक बंद होता तोवर आकडा सुरक्षित होता. आत्ता बघितला तेव्हा बदललेला होता. मधल्या वेळात इथे एकच गोष्ट घडली. बटण कुणी दाबलं?"

बाईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं.

"मी."

"त्याच बटणाबरोबर तो आत आला. रोज तसाच येतो."

४

ताईंनी बाईंना समजेल असं सांगितलं. संगणक उघडला की काही प्रोग्राम न बोलावता आपणहून सुरू होतात. त्यातले काही कामाचे असतात, काही नुसते फुकटे, दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसणाऱ्या रिकामटेकड्यांसारखे. त्यांच्यामुळेच संगणक जांभया देत उघडतो. पण कुणी ठरवलं तर त्या गर्दीत एखादा चोरही बसवता येतो. संगणक उघडताच तो आपलं काम उरकतो आणि पडद्यावर काही दिसायच्या आत निघून जातो. दिवसा खोली धर्मशाळा असल्यावर त्याला आत बसवायला कितीसा वेळ लागणार?

"मग काढा ना त्याला!" बाई म्हणाल्या.

"आधी दिसू तर द्या."

प्रश्न साधनाचा होता. संगणकात स्वतःचीच एक यादी असते, कोण कोण आपणहून सुरू होतं याची. ताईंनी ती उघडली. ओळखीची मंडळी होती, सगळी निरुपद्रवी. त्यांनी ओठ मुडपले. ही यादी म्हणजे पुढच्या दाराचा पहारेकरी. मागच्या दारानं कोण येतं ते त्याला ठाऊकच नसतं.

दुसऱ्या जातीची साधनं सफाईवाली. एक बटण दाबलं की सगळा कचरा गायब. त्यांच्यावर ताईंचा राग होता. जळालेल्या गोदामात शिरून आधी झाडू मारणाऱ्या मालकांवर त्यांचा असाच राग असे. राख झाडली की आग कुठून लागली तेही झाडलं जातं. शिवाय ही सफाईवाली मंडळी बहुधा स्वतःच सुरुवातीच्या रांगेत ठाण मांडून बसतात.

ताईंनी पिशवीतून छोटा पेन ड्राइव्ह काढला. त्यात तिसऱ्या जातीचं साधन होतं. दिसायला रूक्ष, नुसत्या ओळीच ओळी. पण ते पुढचं दार, मागचं दार, खिडक्या, सगळं दाखवायचं. प्रत्येक प्रोग्राम कुणी बनवला, त्यावर बनवणाऱ्याची खात्रीची खूण आहे की नाही, हेही सांगायचं. काही काढायचं झालं तर ओळीपुढची बरोबरची खूण उडवायची, तो प्रोग्राम नुसता थांबायचा. चुकलं तर खूण परत करायची. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आजची स्थिती जपून ठेवून उद्याच्या स्थितीशी ताडून बघता यायची.

ताई ओळींवरून बोट फिरवत खाली गेल्या. संगणक उघडताच करायची म्हणून नेमून दिलेली कामं जिथे असतात तिथे बोट थांबलं.

"प्रिंटर तपासणी," त्यांनी वाचलं. "नाव साळसूद आहे. पण बनवणाऱ्याची खूण नाही. आणि हा प्रिंटर तपासायचं सोडून तुमच्या जिन्यांच्या फोल्डरमध्ये काय करतोय? पाचातला एखादाच उचलतो, म्हणजे संशय यंत्रावर नाही, तुमच्यावर यावा."

त्यांनी त्या प्रोग्रामची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली आणि आजची स्थिती जपून ठेवली. ओळीला मात्र हात लावला नाही.

"चोर सापडला," बाई म्हणाल्या.

"चोराचा नोकर सापडला. आता मालक हवा, आणि तो आपल्याला हे साधनच दाखवणार आहे."

५

ताईंनी बाहेर एवढंच पसरवलं की बाईंचा संगणक फार हळू उघडतो आणि त्यावर कुठलं साधन घालावं याचा सल्ला द्यायला त्या आल्या आहेत. जिन्यांचं नावही काढलं नाही. मग एकेकाला वेगळं गाठलं.

संगणकवाला गोदामाच्या कोपऱ्यात एक जुना पंखा उघडून बसला होता. ताईंना बघताच त्याच्या कपाळावर आठी चढली.

"माझ्यावर भरवसा नाही का मॅडमचा? वेगळं साधनबिधन काही नको. संगणकाची स्वतःची यादी आहे ना, फुकट आहे, पुरते ती."

"सगळं दिसतं त्यात?"

"दिसण्याइतकं दिसतं," तो पुटपुटला. ताईंना त्याच्या आठीचं कारण कळलं. यादीतले निम्मे फुकटे त्याच्याच हलगर्जीपणानं येऊन बसले होते आणि ते उघडं पडेल याची त्याला धास्ती होती.

"बरं. दुपारनंतर तीच यादी उघडते. दुसरं काही नाही."

त्याची आठी मावळली.

पुतण्या कारखान्याच्या दारात फोनवर कुणाची तरी समजूत घालत होता. फोन ठेवून तो फणकारला, "वाचनालयाचे लोक डोकं खातायत. तुमचं काय? संगणक? असं काहीतरी आणा की एक बटण दाबलं की सगळी घाण साफ. यादी वाचत बसायला इथे कुणाला वेळ आहे?"

"चालेल. दुपारनंतर सफाईवालंच घालते."

"काकींना सांगू नका, पण नवा संगणक आणून तरी काय होणार?" तो जरा आवाज उतरवून म्हणाला. "अडचण संगणकाची नाहीये, ताई. मला त्यांच्याकडे बघवत नाही हल्ली." एवढं बोलून तो पुन्हा फोनला लागला.

जावई शाळेतून नुकताच आला होता. मृदू बोलणारा, नीटनेटका. त्यानं ताईंसाठी स्वतः खुर्ची ओढली.

"आईंसाठी तुम्ही एवढं करताय, बरं वाटलं. मला मात्र त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. काय घालणार आहात?"

"सगळं दाखवणारं साधन. नेहमीची यादी तर दाखवतंच, शिवाय संगणक उघडताच करायची म्हणून कुणी छुपी कामं नेमून ठेवली असतील तर तीही. दुपारनंतर बसते."

"अस्सं." त्यानं टेबलावरची पेन्सिल कडेला समांतर करून ठेवली. "म्हणजे ते नुसतं दाखवणार, की काढूनही टाकणार?"

"नुसतं दाखवणार."

"छान, छान," जावई म्हणाला.

६

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी बाईंना आणि लेकीला कोपऱ्यावरच्या खानावळीत नेलं. खोलीचं दार मुद्दाम सताड उघडं आणि संगणक चालू ठेवला.

"कुणीतरी लपून पाहायला हवं होतं," लेक अस्वस्थ होऊन म्हणाली. "कोण आत जातंय ते."

"तिघंही जातील," ताई शांतपणे भाताचा घास घेत म्हणाल्या. "खोलीत जाणं हा गुन्हा नाही. दिवसभर जातातच. मला पावलं नको आहेत, कारण हवं आहे."

आणि झालंही तसंच. परतल्यावर मिस्त्रीकडे सहज चौकशी केली तेव्हा कळलं, संगणकवाला चार्जर न्यायला गेला होता, पुतण्या टेप शोधायला गेला होता, आणि जावई पत्रांवर बाईंच्या सह्या झाल्या का ते बघायला गेला होता.

ताईंनी पेन ड्राइव्ह लावला. सकाळी जपून ठेवलेली स्थिती उघडली आणि आत्ताच्या स्थितीशी ताडून बघायची आज्ञा दिली. साधनानं क्षणभर वेळ घेतला आणि एक ओळ वेगळ्या रंगात समोर ठेवली.

"प्रिंटर तपासणी" नाहीशी झाली होती.

बाई पुढे वाकल्या. "पळाला! गेला आपला पुरावा."

"उलट, मालकानं सही करून दिली," ताई म्हणाल्या. "तिघांना बोलवा."

७

सगळे खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. बाई आपल्या खुर्चीत, लेक दाराला टेकून. ताईंनी आधी पाच खोट्या जिन्यांची हकीकत सांगितली. पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. संगणकवाल्यानं कपाळाचा घाम पुसला.

"मी काही केलेलं नाही," तो घाईनं म्हणाला. "फालतू प्रोग्राम राहिले असतील, पण हे नाही."

"ठाऊक आहे. ऐका आता. तो प्रोग्राम ज्या जागी होता ती जागा संगणकाच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. म्हणून तर बसवणाऱ्यानं ती निवडली. आज दुपारी कुणीतरी तो घाईघाईनं काढून टाकला. इतके दिवस बिनधास्त होता, आजच का काढला? कारण दुपारनंतर तो उघडा पडणार अशी त्याला खात्री वाटली. पण तशी खात्री कुणाला वाटू शकते? तुम्हा तिघांना मी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या."

त्यांनी संगणकवाल्याकडे पाहिलं. "तुला सांगितलं, नेहमीची यादी उघडणार. चोर तू असतास तर मजेत जेवला असतास. त्या यादीत तो दिसतच नाही."

मग पुतण्याकडे. "तुम्हाला सांगितलं, सफाईवालं साधन घालणार. त्याला तो सापडला नसता तर चोराला भीती नव्हती. सापडला असता तर त्या साधनानंच तो पुसून टाकला असता, म्हणजे चोराचं काम माझ्या हातून परस्पर झालं असतं. घाई करायचं कारणच नव्हतं."

दारापाशी उभी लेक आता टेकलेली राहिली नव्हती.

"नुसतं दाखवणारं, छुपी कामंसुद्धा दाखवणारं आणि काहीही न पुसणारं साधन येणार, हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि ज्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही त्या माणसानं मला नेमका तोच प्रश्न विचारला, दाखवणार की काढणार? जावईबापू, शाळेत संगणक उघडताच शिक्षकांसमोर तास हजर होतात, ते कुणाच्या हातचं काम?"

जावयानं तोंड उघडलं. आधी ताईंकडे, मग बाईंकडे पाहिलं. शेवटी त्याची नजर बायकोवर गेली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं जे काही बोलायचं ठरवलं होतं ते गिळलं.

"दूरच्या शहरातल्या शाळेत मला मुख्याध्यापकाची जागा मिळते आहे," तो म्हणाला. "आजची नाही, केव्हापासूनची. हिला विचारलं की एकच उत्तर. आई काम करते आहे तोवर नाही. आई काही थांबायच्या नाहीत, हे मला दिसत होतं. मला वाटलं, त्यांनाच थांबावंसं वाटलं तर... कुणाचा दोष नको, भांडण नको." त्याचा आवाज आणखी मऊ झाला. "कुणाला इजा होऊ नये याची मी काळजी घेतली होती, आई. फक्त उंची बदलायचो. पायऱ्या सगळ्या सारख्याच राहतात. बसवतानाच लक्षात येतं. कुणी पडलं नाही."

"पडलं ना," बाई म्हणाल्या. "मी पडले."

बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"रोज सकाळी ह्या खुर्चीत बसताना माझे हात गार पडायचे. आपलेच हात आपल्याला फसवतायत असं वाटणं म्हणजे काय असतं, ते तुला कळायचं नाही. गेल्या आठवड्यात घरी एकटी असताना गॅस बंद केला की नाही ते बघायला मी पुन्हा पुन्हा उठले. आणि तू माझ्यासमोर बसून मला म्हणायचास, आई, आता विश्रांती घ्या."

लेक पुढे आली. तिचा आवाज चढला नाही.

"ती जागा घे तू."

जावयाच्या चेहऱ्यावर आशेचं काहीतरी चमकून गेलं. "म्हणजे आपण—"

"मी 'तू' म्हटलं."

तो मागे वळला. मग टेबलावरची आपली पत्रं न उचलताच बाहेर गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. फाटकाचा आवाज आला तेव्हा लेकीनं एकदाच डोळे मिटले, आणि बाईंनी तिचा हात धरला. तो बराच वेळ सोडला नाही.

८

पुतण्या जाता जाता दारात अडखळला. "काकी, मी सारखं वय, वय करत होतो..."

"तुझ्या मनात होतं ते तू तोंडावर बोललास. त्याचा मला राग येतो, पण भीती वाटत नाही," बाई म्हणाल्या. "जा, वाचनालयाला फोन कर. जिना आपल्या पदरचा नवा देतोय म्हणावं."

ताई आवरायला लागल्या. नक्कल केलेला प्रोग्राम असलेला पेन ड्राइव्ह त्यांनी लेकीच्या हातात दिला. पुढे काय करायचं ते तिनं ठरवायचं होतं. दाराला कुलूप, संगणकाला पासवर्ड, हे सांगून झालं.

"आणि ते सगळं दाखवणारं साधन?" बाईंनी विचारलं. "ते इथेच ठेवा. मला शिकवा."

"कंटाळवाणं आहे. ओळीच ओळी."

"जिनासुद्धा कंटाळवाणाच असतो, चढणाऱ्याला. बसा."

मग दोघी ओळीमागून ओळ बघत बसल्या. हा कोण, कशाला येतो, ह्याला कुणी बोलावलं, असं बाई प्रत्येकाला दरडावून विचारायच्या, आणि उत्तर पटलं नाही की खूण उडवायच्या. एका ठिकाणी त्यांनी चुकून आवाजाचाच प्रोग्राम थांबवला. ताईंनी खूण परत करून दाखवली तशा त्या खूष झाल्या. चूक करून परत फिरता येतं, ही गोष्ट त्यांना साधनात सगळ्यात जास्त आवडली. काम संपल्यावर त्यांनी संगणक बंद करून पुन्हा लावला. तो असा झटकन उघडला की बाईंनी भुवया उंचावल्या.

ताईंना निरोप देऊन बाई कारखान्यात गेल्या. आत करवती चालल्या होत्या, लाकडाचा भुसा उन्हात तरंगत होता. त्यांनी हात वर केला. एकेक करवत थांबली. सुतारांनी माना वळवल्या.

"ते तीन जिने," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "चूक माझी नव्हती."

मिस्त्रीनं डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. "आम्हाला कुठे तसं वाटलं होतं, बाई?"

"वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हालाही आणि मलाही. आता मला वाटत नाही. तुमचं तुम्ही बघा."

मिस्त्रीनं मान खाली घातली, पण तो हसत होता.

"मग करवती बंद का?" बाई कडाडल्या.

करवती सुरू झाल्या.